टोपलाईच्या पायाशी पानाचा डबा

ठाण्याच्या तळ्याकाठी म्युनिसिपालिटीची एक बाग होती. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होते, पण ते कागदाबाहेर कोणी कधी घेतले नाही. लोक तिला बाहुल्यांची बाग म्हणत.

मुंबईच्या एका शेटजींनी विलायत पाहून आल्यावर ती बांधून दिली होती. विलायतेत जे जे पाहिले ते ते सगळे या बागेत असावे, असा त्यांचा आग्रह होता आणि जागा होती दीड बिघा. त्यामुळे चार ऋतूंच्या चार दगडी बायका, एक सिंह, एक उघडा पैलवान, तोंडातून पाणी सोडायचे ठरलेली पण अजून न सोडलेली एक मासळी, आणि रामायणाची चित्रे काढलेल्या फरशा बसवलेला एक बाक अशी दाटी तिथे झाली होती. माणसाला उभे राहायला जागा शोधावी लागली असती. माणूसच येत नव्हता, म्हणून अडचण कोणाच्या ध्यानात आली नाही. रोज नेमाने येई तो फक्त राखणदार काळुराम पाटलाचा बोकड.

अठराशे त्र्याऐंशी सालच्या माघात शेटजींचे पत्र आले. बागेला वर्ष होत आहे, लोक कलाकृती पाहत नाहीत असे कानावर आले आहे, तरी विलायतेत करतात तसा एक खेळ करावा. बागेत वस्तू लपवायची, जागोजागी चिठ्ठ्या ठेवायच्या, एका चिठ्ठीवरून दुसरीचा पत्ता लावीत लोक हिंडतात आणि हिंडता हिंडता पुतळे पाहतात. बक्षीस म्हणून चांदीची अत्तरदाणी सोबत पाठवली आहे.

सेक्रेटरीसाहेबांनी पत्राच्या समासात शेरा मारला, ‘करावे.’ कोणी, ते लिहिले नाही. पत्र मात्र सहदेवराव टिपणीस यांच्या मेजावर ठेवून वर दगड ठेवला. कचेरीत एवढे पुरते.

सहदेवराव जावक कारकून. वय पंचेचाळीस, अक्षर मोत्यासारखे, आणि ओळखीपाळखीच्या लग्नांत मंगलाष्टके रचून देण्याची हौस. पत्र वाचून त्यांना आनंद झाला. पुढचे सगळे त्या आनंदातून झाले.

उखाणा पहिला
*(बागेच्या फाटकावर लावलेला)*

*तोंड उघडं, गर्जना नाही. नख लांब, बोचत नाही.*
*डोक्यावर कावळा बसला तरी जागचा हा हलत नाही.*

उत्तर सिंह. हे सांगायची गरज नव्हती, पण सहदेवरावांनी ते शेजारच्या परशुरामभाऊंनाही सांगितले होते, आणि परशुरामभाऊंना सांगणे म्हणजे चावडीवर लावणे.

परशुरामभाऊ कोर्टातून पेन्शनीत निघालेले नाझर. पेन्शन घेतल्यापासून त्यांना कायद्याचे जे भरते आले होते ते नोकरीत असताना कधी आले नव्हते. सहदेवराव जाहिरातीचा मसुदा घेऊन ओटीवर बसले तेव्हा भाऊंनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवले.

“‘खजिन्याचा शोध.’ सहदेवराव, खजिना कोणाचा?”

“कोणाचाच नाही. खेळातला.”

“या तालुक्यात खजिना एकच. मामलेदार कचेरीतला. त्याचा शोध घ्यायला लोकांना बोलावणार, तेही म्युनिसिपालिटीच्या शिक्क्यानं. शिपाई तुम्हांला आधी शोधतील.”

सहदेवरावांनी ‘खजिना’ खोडून ‘ठेव’ लिहिले.

“ठेव म्हटलं की कोणीतरी ठेवलेली आली. ज्यानं ठेवली तो मागायला येणार. तुम्ही काय दाखवणार?”

‘ठेव’ही गेली. ‘निधी’ भाऊंना देवळातला वाटला, ‘लपवलेली वस्तू’ चोरीची वाटली. अखेर दिवेलागणीला दोघांचेही समाधान होईल असा शब्द सापडला, ‘गुप्तधन’. शब्द भारदस्त होता, संस्कृत होता, आणि दोघेही दमले होते.

जाहिरात अशी निघाली: ‘येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता बाहुल्यांच्या बागेत गुप्तधनाचा शोध होईल. सहा उखाणे घेतले जातील. स्त्रीपुरुष सर्वांनी यावे.’

‘सोडवले जातील’ असे लिहायचे होते. कोडी ती सोडवायची असतात, हे सहदेवरावांना ठाऊक होते. पण हाताला लग्नघरांची सवय, आणि लग्नघरात उखाणा घेतात. मोत्यासारख्या अक्षरात ‘घेतले’ इतके देखणे उतरले होते की खोडवेना.

राहिला प्रश्न अत्तरदाणी कशात ठेवायची. कचेरीने पावती लिहून घेऊन एक लाकडी पेटी दिली. घरी आणून उघडली तर तळ वाळवीने खाल्लेला. मग सहदेवरावांची नजर फडताळावर गेली. तिथे पितळेचा पानाचा डबा होता.

हा डबा गोदूबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेला. ते जाऊन सात वर्षे झाली होती. गोदूबाई तो बाहेरून स्वतः चिंचेने घासत, स्वतः भरत, आणि त्यातले पान करून नवऱ्याच्या हातात देत. बावीस वर्षांत सहदेवरावांनी तो डबा स्वतः उघडला नव्हता, कारण उघडायची वेळच आली नव्हती. गोदूबाई भावजयीच्या बाळंतपणासाठी कल्याणला गेल्या होत्या, रविवारी संध्याकाळी परतायच्या होत्या. खेळ शनिवारी. शनिवारी दुपारी डबा फडताळात परत. यात गोदूबाईंना सांगण्यासारखे काही नव्हते.

बुधवारी भर दुपारी, तळ्यावरची म्हसरेसुद्धा डोळे मिटून होती तेव्हा, सहदेवरावांनी सुपारी-कात एका वाटीत काढून ठेवले, डब्यात अत्तरदाणी घातली, आणि टोपलीवालीच्या चौथऱ्यातला एक सैल दगड ओढून आतल्या पोकळीत डबा सरकवला. टोपलीवाली म्हणजे चार ऋतूंपैकी एक. कोणता ऋतू ते शेटजींना माहीत. तिच्या डोक्यावर फळांची टोपली होती, एवढे सगळ्यांना माहीत होते.

उखाणा दुसरा
*(सिंहाच्या तोंडात ठेवलेला)*

*अंगात बळ शंभरांचं, कपडा नाही हातभर;*
*पंचा दिला म्युनिसिपालिटीनं, तोही सुटतो वाऱ्यावर.*

शनिवारी सहदेवराव पगडी घालून साडेसातला बागेत पोचले. वीसपंचवीस माणसे आली तर खेळ रंगेल असा त्यांचा अंदाज होता.

फाटकाबाहेर बैलगाड्या सोडलेल्या होत्या. शिळेहून माणसे आली होती, डोंबिवलीहून आली होती, खडवलीकडून एक मांत्रिक काळी कोंबडी काखेत धरून आला होता. बहुतेकांच्या खांद्यावर कुदळी होत्या. ‘गुप्तधन’ हा शब्द दोघांना भारदस्त वाटला होता. बाकीच्या तालुक्याला तो सरळ कळला होता.

“यांना कुदळी कशाला?” सहदेवरावांनी काळुरामला विचारले.

“खनायला,” काळुराम म्हणाला. तो मुळातच कमी बोले.

“खणायचं काही नाही. उखाणे सोडवायचेत.”

“ते बायका घेतील. त्या तिकरं बसल्यात.”

तिकडे खरेच बायका बसल्या होत्या. चाळीसेक असतील. नेसून आलेल्या, ओटीचे सामान घेऊन आलेल्या. ज्या जाहिरातीत सहा उखाणे घेतले जातील असे छापले आहे ते हळदीकुंकूच असणार, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हते. फक्त सहाच का, यावर थोडी नाराजी होती. दोघींनी उशीर नको म्हणून आपापल्या नवऱ्याचे नाव घेऊनही टाकले होते.

सहदेवरावांनी घसा खाकरून भाषणाला सुरुवात केली. “कलेची अभिरुची,” एवढे दोन शब्द झाले आणि कोंबडी सुटली. ती धरेपर्यंत पुढच्यांनी पहिला उखाणा वाचला, सिंह ओळखला, आणि त्याच्या तोंडातून चिठ्ठी काढलीही. सहदेवरावांना बरे वाटले. खेळ सुरू झाला होता. दुसऱ्या उखाण्याला तर एकच हशा पिकला आणि सगळे पैलवानाकडे वळले.

पैलवान विलायती पद्धतीने घडवलेला होता, म्हणजे त्याच्या अंगावर काहीच नव्हते. पहिल्याच सभेत एका मेंबराने हरकत घेतल्यावर त्याला कमरेला पंचा नेसवायचा ठराव झाला होता, आणि दर महिन्याला नवा पंचा काढून देणे हे काम सहदेवरावांकडेच होते. तिसरा उखाणा त्या पंच्याच्या कनवटीला खोचलेला होता.

उखाणा तिसरा

*(हा उखाणा काळुरामच्या बोकडाने खाल्ला.)*

पंच्यासकट.

लोक पोचले तेव्हा पैलवान शेटजींच्या मनात होता तसा उभा होता आणि बोकड शांतपणे रवंथ करीत होता. कडेला पंच्याची एक किनार राहिली होती. बायकांनी तोंडे तळ्याकडे फिरवली.

“काळुराम, तुझ्या बोकडानं सरकारी कागद खाल्ला,” सहदेवराव म्हणाले.

काळुरामने बोकडाकडे पाहिले, मग पैलवानाकडे. “कागद तितं कनी ठेवला?”

याचे उत्तर देणे सहदेवरावांच्या प्रतिष्ठेला धरून नव्हते. त्यांनी डोळे मिटून तिसरा उखाणा आठवायचा प्रयत्न केला. कवीला आपली रचना गर्दीत कधी आठवत नाही. चंदेरी का काहीसे होते. पुढचे उखाणे सांगून टाकावेत तर तिसऱ्याशिवाय चौथा सांगणे नियमाला सोडून होते, आणि नियम त्यांनीच केले होते.

ते डोळे उघडेपर्यंत शिळेच्या एका माणसाने शांतपणे कुदळ हातात घेतली होती. चिठ्ठी गेली, पण धन कुठे गेले नाही, असा त्याचा हिशेब होता.

उखाणा चौथा
*(इथपर्यंत कोणी पोचले नाही. रचलाच आहे तर वाचून घ्यावा.)*

*राम पुढे, सीता मधे, लक्ष्मण मागे चाले;*
*आधी हात जोडा, मग बसा, म्हणजे पाप टळले.*

खणणे अगदी समंजसपणे चालले होते, हे सांगितले पाहिजे. कोणी कोणावर धावून गेले नाही. शिळेवाल्यांनी सिंहाची बाजू घेतली, डोंबिवलीवाल्यांनी मासळीची, आणि मांत्रिकाने दोन्हींच्या मधे लिंबे मांडली. मधेच भाकऱ्या सोडल्या गेल्या, चटणी इकडून तिकडे गेली. रामायणाच्या बाकावर मात्र कोणी बसले नाही. वर्षभरात कोणीच बसले नव्हते. प्रभू रामचंद्रावर बैठक मारायची कोणाची छाती होणार. सगळे जमिनीवर बसून जेवले आणि बाकाला जाता येता हात जोडत राहिले. कलाकृतीकडे आदराने पाहावे अशी शेटजींची इच्छा होती. एवढी एक पुरी झाली.

“बघा,” काळुराम आपण होऊन म्हणाला. त्याच्या तोंडावर समाधान होते. “जमीन कशी भुसभुशीत झाली. आता वांगी लावतो.”

परशुरामभाऊ काठी टेकत आले आणि सहदेवरावांना पैलवानाच्या आडोशाला घेऊन गेले.

“मामलेदारांना वर्दी गेली आहे. गुप्तधनाचा कायदा माहीत आहे ना? पाच वर्षं झाली निघून. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांवरचं काही सापडलं की ते सरकारात दाखल. मग चौकशी, मग जाहीरनामा, मग हक्क सांगायला चार महिने.”

“पण भाऊ, तो शब्द तुम्ही सुचवलात.”

“शब्द मी सुचवला. पुरायला मी सांगितलं नव्हतं.”

चार महिने. गोदूबाई उद्या संध्याकाळी यायच्या होत्या. सहदेवरावांना अत्तरदाणीची फिकीर नव्हती, वार्षिकोत्सवाची नव्हती, नोकरीचीसुद्धा त्या क्षणी नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे फडताळातली डब्याएवढी मोकळी जागा आली. गोदूबाई ओरडल्या असत्या तर सोसले असते. त्या ओरडत नसत. वडील वारले तेव्हा त्या तीन दिवस काही बोलल्या नव्हत्या, फक्त डबा घासत होत्या.

त्यांनी ठरवले. खेळ गेला तेल लावत. डबा काढायचा, उपरण्याखाली घालायचा आणि घर गाठायचे.

ते टोपलीवालीकडे वळले, आणि थबकले.

उखाणा पाचवा

*(हा उखाणा पुरावा म्हणून मामलेदार कचेरीत जमा आहे. नक्कल मिळण्यासाठी अर्ज केला आहे.)*

टोपलीवालीच्या कपाळाला मळवट होता. पायांशी शेंदूर होता, तो थेट त्या सैल दगडावरही फासलेला. भोवती चाळीस बायका बसल्या होत्या आणि मधोमध काळुरामची बायको तुळसा नारळ सोलत होती.

“तुळसाबाई, हे काय?”

“टोपलाय.”

“ही टोपलाई कोण?”

तुळसाने मूर्तीकडे हात केला. एवढ्या ढळढळीत गोष्टीला आणखी काय सांगायचे. “बागंत आल्यापासून मी तिला रोज कुकू लावतंय. डोक्यावर येवरं ओझं घेऊन उभी हाय बिचारी, कवा उतरवीत नाय. आज उखाने हायेत म्हनं. मंग देवीला नारल नको?”

“अहो, हा एक ऋतू आहे.”

“असंल,” तुळसा म्हणाली. “आमाला पावते.”

“बरं, पावू दे. मला फक्त तेवढा दगड काढून घ्यायचा आहे.”

चाळीस बायका वळून पाहू लागल्या. तुळसाने नारळ मांडीवर ठेवला. “टिपनीसदादा, तुमी शिकलेले मानूस. देवीच्या पायाखालचा दगूड काढतात?”

सहदेवरावांनी हात मागे घेतला. चाळीस बायकांसमोर देवीचा चौथरा उचकटणारा कारकून ही कल्पना त्यांना स्वतःलाच सोसेना. आरती होईपर्यंत थांबू, मग पांगतील, असा विचार करून त्यांनी हातसुद्धा जोडले. तेवढ्यात फाटकातून मामलेदारसाहेब म्युनिसिपालिटीकडून मागवलेले खेळाचे कागद घेऊन दोन शिपायांसह आत आले, आणि त्याच वेळी तुळसाने देवीचे नाव घेऊन नारळ हाणला.

तिने तो नेमका शेंदूर लावलेल्या दगडावर हाणला. नारळ फुटला, दगड आत गेला, चौथरा एका बाजूने खचला, आणि नारळाच्या पाण्याबरोबर पितळेचा डबा घरंगळत मामलेदारांच्या बुटाशी येऊन थांबला.

कुदळी थांबल्या. मांत्रिकाने हे आपल्या लिंबांमुळे झाल्याचे जवळच्यांना सांगितले.

मामलेदारांनी डबा उचलला, उघडला, अत्तरदाणी पाहिली. “ही शेटजींची. पत्रात उल्लेख आहे. ज्याला सापडली त्याची.” ती त्यांनी तुळसाला दिली, आणि तुळसाने तिथल्या तिथे टोपलाईच्या पायाशी ठेवली. “आणि हा डबा कोणाचा?”

माझा, असे म्हणायला सहदेवरावांनी तोंड उघडले. पण डबा त्यांचा कुठे होता. तो गोदूबाईंच्या वडिलांचा, आणि त्यांच्यामागे गोदूबाईंचा. न विचारता आणलेला. पगडी घातलेल्या माणसाने शिळ-डोंबिवलीच्या लोकांसमोर हे कसे सांगावे, याचा ते विचार करीत असताना त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले, “कचेरीचा.”

“कचेरीनं दिलेली पेटी लाकडी आहे,” मामलेदार कागद पाहत म्हणाले. “तुमचीच सही आहे. हा पितळी आहे. म्हणजे जमिनीत सापडला, मालक माहीत नाही.” त्यांनी डबा फडक्यात बांधून वर लाख लावली, आणि चौकशीसाठी सगळ्या चिठ्ठ्याही जमा करून घेतल्या. “सोमवारी अकरा वाजता ज्याचा हक्क असेल त्यानं कचेरीत यावं आणि ओळख पटवावी. नाही पटली, तर नियमाप्रमाणे चार महिने.”

उखाणा सहावा

*टोपलीभर फळं घेऊन बाजाराला निघाली;*
*गिऱ्हाईक कोणी भेटेना, जागच्या जागी थिजली.*

गोदूबाई रविवारी संध्याकाळी आल्या. पाय धुतले, देवाला दिवा लावला, कल्याणच्या बाळाचे जावळ किती दाट आहे ते सांगितले. मग फडताळ उघडले.

सहदेवराव ओटीवर पंचांग वाचीत होते. पंचांग उलटे होते.

फडताळ बंद झाल्याचा आवाज आला. भांडी वाजली नाहीत. जेवणे झाली. जेवणानंतर गोदूबाईंनी एका पत्रावळीच्या तुकड्यावर वाटीतली सुपारी आणि कात आणून ठेवले.

“इकडून आज असंच घ्यायचं व्हावं,” त्या म्हणाल्या. “पान डब्यात असतं.”

सहदेवरावांनी सुपारी चघळली. ती मातीसारखी लागली. त्यांनी घसा तीनदा खाकरला आणि सगळे सांगितले: पत्र, पेटी, वाळवी, बोकड, नारळ. मामलेदारांना दिलेले उत्तर सांगताना त्यांचा आवाज बराच खाली गेला.

गोदूबाई ऐकत होत्या. मग पत्रावळ उचलत म्हणाल्या, “आमच्या दादानं कल्याणलाच सांगितलं. डब्याचं सोडून बाकी सगळं. डब्याचं आता कळलं.”

“तू रागावलीस.”

“उद्या अकरा वाजता ना?” त्या एवढेच म्हणाल्या आणि उठल्या.

उखाणा सातवा

*(हा सहदेवरावांचा नव्हे.)*

सोमवारी मामलेदार कचेरीच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. ठाण्यातली माणसे डब्यापेक्षा सहदेवरावांना पाहायला आली होती. हक्क सांगणारे तिघे होते. काळुराम म्हणाला, बागेची जमीन मुळात त्याच्या आज्याची, तेव्हा जमिनीतले त्याचे. मांत्रिक लिंबांवर कायम होता. मामलेदारांनी दोघांनाही एकच प्रश्न केला, डब्याच्या झाकणावर काय नक्षी आहे. काळुराम प्रामाणिकपणे नाय म्हाईत म्हणाला आणि वांग्यांना पाणी घालायचे म्हणून निघून गेला. मांत्रिकाने नाग सांगितला. तो चुकला.

“टिपणीस?”

सहदेवराव पुढे झाले. बावीस वर्षे रोज दोनदा या डब्यातले पान त्यांनी खाल्ले होते. “मोर,” ते ठामपणे म्हणाले.

मामलेदारांनी लाख फोडली आणि फडके सोडले. झाकणावर कोयऱ्या होत्या. एकीला एक लागून पाच कोयऱ्या, आणि मोराचे पीससुद्धा नव्हते.

पडवीत खसखस पिकली. परशुरामभाऊंनी मान फिरवून खांबाकडे पाहिले.

“म्हणजे ओळख पटत नाही,” मामलेदार म्हणाले. “चार महिने.”

“साहेब,” दाराआडून आवाज आला. गोदूबाई पदर सावरून उभ्या होत्या, सोबतीला तुळसा होती. कचेरीत बाई आलेली पाहून कारकुनाने टाक खाली ठेवला. “झाकणाच्या आत नाव कोरलेलं आहे. लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. आमच्या वडिलांनी कोरून घेतलं होतं.”

मामलेदारांनी झाकण उलटे करून उजेडात धरले. आत नुसता चुना होता, वर्षानुवर्षांचा, सिमेंटासारखा बसलेला. “इथं काही दिसत नाही. कोणाचं नाव?”

गोदूबाईंनी तुळसाकडे पाहिले.

“बाई, नाव सांगा. मग खरवडून ताडून पाहू. आधी जबानी.”

गोदूबाईंनी खाली पाहिले. कारकुनाने टाक पुन्हा उचलला होता. तो थांबून राहिला.

“साहेब, ती कशी सांगंल?” तुळसा म्हणाली. “तिच्या तोंडून निघनार नाय ते नाव. तेच मानसाचं हाय, त्या तिथं उभ्याचं.”

“कायद्याला ‘त्या तिथं उभ्याचं’ चालत नाही. नाव लागतं.”

सहदेवरावांना प्रथम काही समजले नाही. मग समजले, आणि पगडीखाली घाम फुटला. डबा त्यांच्या नावाचा होता. सासऱ्यांनी तो लेकीला नव्हे, जावयाला दिला होता. गेले पाच दिवस ते स्वतःच्याच मालाची चोरी करून हिंडत होते.

गोदूबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला आणि स्वच्छ आवाजात म्हटले,

*“बाबांनी कोरलं नाव, वर चढला चुना;*
*सहदेवरावांचा डबा सहदेवरावांनाच दिसेना.”*

पडवीत हशा पिकला. मग शिपाईसुद्धा हसले. मामलेदार हसले नाहीत, त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि बोरू तासायच्या चाकूने चुना खरवडायला घेतला. खपल्या पडत गेल्या. आधी ‘चि. स’ निघाले, मग ‘हदेव’, आणि शेवटी सबंध ओळ: चि. सहदेव गुणाजी टिपणीस यांस.

“मालक माहीत असलेली वस्तू गुप्तधन होत नाही,” मामलेदार म्हणाले. “डबा परत. कारकून, जबानीत उखाणा जसाच्या तसा उतरून घ्या.” मग सहदेवरावांकडे पाहून ते म्हणाले, “टिपणीस, तुमचे उखाणे वाचले. हा त्यांच्यापेक्षा चांगला आहे.”

उखाणा आठवा

म्युनिसिपालिटीने शेटजींना अहवाल पाठवला, तो सहदेवरावांनाच लिहावा लागला. ‘बागेत लोकांची ये-जा फार वाढली आहे. विशेषतः एका कलाकृतीपुढे मंगळवारी व शुक्रवारी रांग लागते.’ यात खोटे काही नव्हते. वांग्यांचा उल्लेख त्यांनी केला नाही. पैलवानाला नवा पंचा मिळाला आणि बोकडाला दावे.

डबा फडताळात गेला. पान मात्र आले नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. पत्रावळीवर सुपारी येत राहिली. बुधवारी जेवणे झाल्यावर सहदेवरावांनी विचारले, “पान नाही का?”

“मी अख्ख्या कचेरीसमोर नाव घेतलं,” गोदूबाई म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. “आता इकडून घ्यायचं व्हावं. मग पान.”

“उखाणा? मी?”

“सहा रचले ना गावासाठी?”

सहदेवराव बोरू आणि दौत घेऊन बसले. लग्नालग्नांची मंगलाष्टके लिहिलेला हात कागदावर तसाच राहिला. घटकाभराने त्यांना एकदम, न बोलावता, तिसरा उखाणा आठवला. तो कोणी ऐकला नव्हता; ऐकायच्या आधीच बोकडाने खाल्ला होता. त्यांनी त्यात एका जागी नाव बसवले आणि खणखणीत म्हटले,

*“अंग चंदेरी, डोळे गोल, तळ्याकाठी राही;*
*गोदूबाईच्या तोंडून कधी शब्द फुटत नाही.”*

गोदूबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “हा मासळीचा. बोकडानं खाल्लेला.”

“तुला काय माहीत?”

“कच्चा कागद फडताळात अंथरलाय. डब्याखाली.”

सहदेवराव पुन्हा बसले. पहिला कागद खोडला, दुसरा फाडला. तांदूळ निवडून झाले, पडवीतले ऊन भिंतीवर चढले. गोदूबाई सूप घेऊन उठल्या तेव्हा सहदेवरावांनी कागद बाजूला सारला आणि काही न पाहता, थोडे ओशाळून म्हटले,

*“सहा बागेत, सातवा कचेरीत, आठवा अडला घरी;*
*पान नसलं तरी चालेल, गोदूबाई, द्या सुपारी.”*

गोदूबाई जाता जाता थांबल्या. मग त्यांनी सूप खाली ठेवले, फडताळातून डबा आणला आणि सहदेवरावांपुढे ठेवला. पान लावून दिले नाही. झाकण उघडून त्यांच्याकडे केले. आतून ते चिंचेने लख्ख घासलेले होते, आणि मधोमध त्यांचे नाव होते.

“उद्यापासून मी करून देईन,” त्या म्हणाल्या. “आज आपल्या हातानं करायचं व्हावं.”

सहदेवरावांनी पान घेतले, देठ खुडला आणि चुन्याच्या डबीत बोट घातले. चुना फार लागला. तोंड भाजले. ते तसेच चघळत राहिले. कोयऱ्या मोजल्या, पाच होत्या.